विल्फच्या मागून

विल्फने त्याच पाचरीवर पुन्हा एकदा हातोडा घातला, मान तिरकी करून आवाज ऐकला आणि "हं, पक्की!" म्हणून पाचरीलाच शाबासकी दिली. मग पुढच्या सात-आठ पाचरींकडे ढुंकूनही न बघता तो शीळ घालत चालू लागला.

मागे थोडं अंतर ठेवून एनिड थांबली होती. नवरा वळणाआड जाईपर्यंत तिने बुटाची नाडी बांधायचं सोंग केलं आणि मग वाकून, त्याने सोडलेल्या एकेक पाचरीवर आपला हातोडा टेकवत निघाली. रूळ लोखंडी बैठकीत बसतो आणि त्या दोघांच्या फटीत ठोकलेली ओकची पाचर त्याला घट्ट धरते, एवढंच काय ते या कामाचं शास्त्र. पण असा कोरडा जून आला की लाकूड आकसतं. पाचरी सैल होतात, गाडीच्या हादऱ्याने निसटून खडीत पडतात. एखादी पडली तर काही बिघडत नाही. ओळीने चार-पाच पडल्या तर रूळ सरकतो, आणि शनिवारी त्याच रुळावरून वाफेची गाडी जायची असते, खिडक्यांतून हात हलवणाऱ्या पोरांनी भरलेली.

म्हणून दर शुक्रवारी कुणीतरी हातोडा घेऊन सगळी वाट चालायची. रॅव्हनशॉ ते मॉसगिल हा तुकडा विल्फ सग्डनचा. सरकारने बंद केलेल्या या लाइनीवर माणसापेक्षा उंच काटेरी झुडपं माजली होती, तेव्हा ती तोडून हौसेखातर गाडी पुन्हा सुरू करायला जे पहिल्यांदा आले त्यांच्यात तो होता. आठवडाभर बस चालवायची आणि सुट्टीच्या दिवशी इथे येऊन कंबर मोडून घ्यायची, तीही फुकटात, वर चहा आपला आपण आणायचा! असल्या वेडाला आमच्याकडे छंद म्हणतात.

आता विल्फचं डोकं त्याला दगा देत होतं. गेल्या हिवाळ्यात त्याने शेजारणीला आपली मेलेली बहीण समजून कुंपणापाशी तासभर गप्पा मारल्या होत्या. शेजारीण बिचारी हो ला हो करत राहिली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते एनिडने मुलीलाही कळू दिलं नाही, मग लाइनीवरच्या लोकांना कुठून सांगणार? एरवी विल्फ दिवसभर खुर्चीत बसून असायचा. पण शुक्रवारी आपणहून उठायचा, दाढी करायचा, बुटांना तेल लावायचा. आठवड्यातला तो एक दिवस तिला तिचा नवरा परत मिळायचा. तो काय म्हणून सोडायचा? "मलाही जरा हातपाय हलवायला हवेत," असं सांगून तीही फेरीला यायला लागली आणि डोळ्यांत तेल घालून त्याच्या मागून पाचरी ठोकायला लागली. त्याला सांगावं, की बाबा रे, आता पुरे, असं कितीदा तिच्या ओठांवर आलं होतं. शब्दच जुळत नव्हते.

मॉसगिल स्टेशनाच्या फलाटावर बॅरी टॉर्डॉफ उभा होता. रुळांच्या सगळ्या कामाची जबाबदारी त्याची. माणूस आडदांड, बोलायला फटकळ, आणि दोन वर्षांपूर्वी बायको सोडून गेलेला.

"काय म्हाताऱ्या, लाइन काय म्हणते?"

"तुझ्या संसारापेक्षा घट्ट आहे," विल्फ म्हणाला.

बॅरी पोट धरून हसला. एनिडला असं हायसं वाटलं की काय सांगावं! अजून जिभेला धार आहे याच्या. कोण म्हणेल याला काही झालंय म्हणून?

"मी ओढ्याकडची गटारं बघून येतो," बॅरी म्हणाला. "तुम्ही चहा घ्या."

वेटिंग रूममध्ये फ्लास्क उघडल्यावर तिच्या लक्षात आलं, अंगातला स्वेटर वाटेतल्या जुन्या खोपटाच्या दाराला अडकवलेला तसाच राहिला. विल्फच्या हातात कप आणि मटणाचं पॅटिस देऊन ती परत निघाली. "इथून हलू नकोस हं," असं दोनदा बजावलं.

पहिल्या वळणावरच तिला हातोड्याचा आवाज आला.

बॅरी वाकला होता. गटाराकडे नाही, रुळाकडे. एक पाचर ठोकली, चार पावलं चालला, पुन्हा वाकला, पुन्हा ठोकली. म्हणजे याला ठाऊक आहे! ती जवळजवळ धावतच त्याच्यापाशी गेली.

"बॅरी, त्याला काढू नकोस. तुझ्या पाया पडते. तो चुकतो, मला माहीत आहे, पण मी असते ना त्याच्या मागे. एकही सोडत नाही मी. शपथ."

बॅरी सरळ झाला. त्याने हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"विल्फचं मला हिवाळ्यापासून माहीत आहे, एनिड. सगळ्यांनाच माहीत आहे. पण तुम्ही मागून असता, म्हणून कुणी चकार शब्द काढला नाही."

"मग हे काय चाललंय? आमच्या मागून चोरासारखं?"

तो बुटाने खडी सारत राहिला. ती आणखी भडकली. इतके महिने पाठीचा काटा ढिला होईपर्यंत आपण राबलो आणि या माणसाला आपल्यावर भरवसा नाही!

"बोल ना! आता का वाचा बसली?"

"मागच्या शुक्रवारी," बॅरी रुळाकडे बघत म्हणाला, "विल्फ आला नव्हता. खोकल्याने घरी होता. तुम्ही एकट्याच आला होतात."

"बरं मग?"

"ओढ्याच्या वळणावर ओळीने पाच पाचरी खडीत पडल्या होत्या. तुम्ही तिथून गेल्यावर."

माळावर मेंढ्या ओरडत होत्या. एनिड हसली, उगाचच. मग खाली बसली. बॅरीच्या बुटापाशी एक बैठक होती, तिच्यात पाचर आहे की नुसती सावली, ते तिला सांगता येईना. तिने हात घातला. बोटं फटीतून आरपार गेली. आपण मघाशी इथेच वाकलो होतो, हातोडा टेकवला होता, तो नुसत्या लोखंडावरच.

"धुरकट दिसतं जरा," ती म्हणाली. "मला वाटलं, चष्म्याची काच..."

"माझे गुडघे गेलेत, नाहीतर मी असाच मागून येत राहिलो असतो, बोललो नसतो. पण एखाद्या शुक्रवारी मी नसलो तर? त्या पोरांच्या आयांना काय तोंड दाखवू?" त्याने हात देऊन तिला उठवलं. "विल्फला त्याचं काही सांगू नका. तुमचं सांगा. तुम्हाला जमत नाही म्हणा. तुमच्यासाठी तो सोडेल."

तिला रडू फुटलं आणि त्यातच थोडं बरंही वाटलं. खरंच की! इतके महिने न जुळलेले शब्द हेच होते. त्याला कमीपणा नाही, काही नाही. दोष आपला आपल्या पदरात घ्यायचा की झालं.

विल्फने तिच्या वाट्याचा चहाही संपवला होता. ती त्याच्या शेजारी बाकावर बसली. बॅरी दारातच थांबला.

"विल्फ, माझे डोळे अधू झालेत रे. मला पाचरी दिसत नाहीत. मी आता फेरीला यायची नाही."

त्याने कप खाली ठेवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. कितीतरी दिवसांनी असं पाहिलं, ओळखीने, काळजीने. तिचा हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"अगं वेडे, एवढंच ना? त्यासाठी तोंड पाडून बसलीस होय?" तो म्हणाला. "तू घरी आराम कर. तुझ्या वाटच्याही मीच ठोकत जाईन."

एनिडने बॅरीकडे पाहिलं. बॅरी डोक्यावरून काढलेल्या टोपीच्या आत बघत होता.

"काय रे बॅरी," विल्फ म्हणाला, "सांग हिला. मी आहे ना."