पंच्याऐंशी की पस्तीस

शनिवारी सकाळी सात वाजता फोटोग्राफरने जेवणाच्या टेबलावर दोन लेन्स ठेवल्या आणि सहलीला एकच नेण्याचं कबूल केलं. अट मुलीची होती. मंगळवारी तिघं परक्या शहरात पायी भटकायला निघणार होती. मागच्या खेपेला बाबा चौकाचौकात लेन्स बदलत बसले आणि आई पिशव्या धरून ताटकळली, हे तिच्या लक्षात होतं. "फिरायला चाललोय बाबा, कुणाच्या लग्नाचे फोटो काढायला नाही," असं सुनावून ती कामावर गेली.

स्टुडिओ घराच्या खालीच आहे. फोटो तो काढतो. बायको संगणकावर बसून गिऱ्हाइकांचे मुरुम, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसते. दीड वर्षापूर्वी तिच्याच चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. उपचारांनी बराच फरक पडला, पण हसताना डावीकडचा ओठ अजून मागे राहतो. तेव्हापासून तिचा एकही फोटो निघालेला नव्हता. तिने नको म्हटलं नव्हतं आणि त्याने विचारलं नव्हतं.

त्याचा कल पंच्याऐंशी मिलिमीटरच्या लेन्सकडे होता. ती लांबून टिपते, मागचा पसारा धूसर करते, चेहऱ्याला सांभाळून घेते. पस्तीसच्या लेन्समध्ये सगळी गल्ली मावते, पण माणूस हवा असेल तर त्याच्या अगदी पुढ्यात जावं लागतं. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि आधी एक फेरी मारून बघू या, असं सुचवलं.

दुपारी स्टुडिओ बंद करून दोघं पुलापर्यंत चालत जाऊन आली. पंच्याऐंशी लावलेली, म्हणून तो सारखा मागे रेंगाळायचा आणि ती कोपऱ्याकोपऱ्यावर थांबायची. दारं, खिडक्या, सायकली टिपता टिपता त्याने न विचारता तिचेही फोटो काढले. तिच्या ते लक्षात आलं होतं.

घरी आल्यावर तिने ते संगणकावर उघडले आणि गिऱ्हाइकाचं काम तपासावं तसे एकेक पाहिले. फोटो सुरेख होते. सगळे उजव्या बाजूने काढलेले होते.

उजेड त्या बाजूला होता, असं त्याने सांगून पाहिलं. जाताना उजेड डावीकडे होता, तिने दुरुस्ती केली. उजेडाबाबत तिला फसवणं कठीण.

"चालतानासुद्धा तुम्ही माझ्या उजवीकडेच असता. रस्ता ओलांडला की मागून वळसा घालून पुन्हा तिकडे येता. दीड वर्ष बघतेय मी."

"गाड्यांच्या बाजूला मी असावं, म्हणून..."

"गाड्या काय एकाच बाजूने येतात?"

गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की त्याची चांगली बाजू हेरायची आणि स्टूल तिकडे वळवायचं, हे तो इतकी वर्षं करत आला आहे की हात आपोआप चालतात. घरात पायही तसेच चालत होते, याचा त्याला खरंच पत्ता नव्हता. तसं त्याने तिला सांगितलं. तिने ते मान्य केलं.

"लोकांचे चेहरे झाकायचे मी पैसे घेते," ती म्हणाली. "माझा तुम्ही फुकटात झाकताय." आणि स्वतःच हसली. तो स्क्रीनकडे बघत राहिला.

"आताही नाही बघितलंत."

चहा तिनेच केला.

रविवारी सकाळी त्याने पस्तीसची लेन्स लावली आणि स्वयंपाकघरात गेला. ती ओट्याशी भाजी निवडत होती. काढू का, असं त्याने विचारलं. काढा, पण लगेच दाखवू नका, असं ती म्हणाली. तिच्या डावीकडे ओटा आणि फ्रिज यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस उभा राहील एवढीच फट आहे. तो तिथे शिरला, श्वास रोखला आणि एकच फोटो काढला. फोकस जागेवर बसलाय का, एवढं तिने विचारलं. बसलाय, तो म्हणाला.

दुपारी मुलीने विचारलं तेव्हा दोन्ही लेन्स टेबलावरच होत्या. आईने फोटो बघून सांगितलं की ठरेल, एवढंच बाबा बोलले. कॅमेऱ्याचं कार्ड संगणकाला लावलेलं आहे. सोमवारी संध्याकाळपर्यंत बायकोने तो फोटो उघडलेला नाही.