सावळीरामची गळकी झडप

मी निफाडच्या सावळीरामचं हृदय बोलतोय. बोलतोय म्हणजे धडधडतोय. तुम्ही समजून घ्या.

सावळीराम आईच्या पोटात होता, त्याला अजून धड डोळेही फुटले नव्हते, तेव्हापासून मी कामावर आहे. मी अर्ज केला नव्हता. मला कुणी विचारलंही नाही.

माझ्या आत चार खोल्या आहेत. वरच्या दोन त्या अलिंद, खालच्या दोन त्या निलय. अंगभर फिरून दमलेलं रक्त उजवीकडे वरच्या खोलीत येतं, तिथून खाली उतरतं, आणि खालची खोली त्याला फुप्फुसांकडे ढकलते. तिथे हवा खाऊन ताजं झालं की ते डावीकडे वर येतं, मग खाली. डावीकडची ही खालची खोली म्हणजे आमच्यातली पैलवान. ती एकदा आवळली की रक्त डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. आधी वरच्या दोघी एकदम आवळतात, मग खालच्या दोघी. मध्ये झडपा असतात. रक्त पुढे गेलं की झडप बंद, मागे यायचं नाही. तुम्हाला जी धडधड ऐकू येते ते प्रेम वगैरे काही नसतं. दारं आपटल्याचा आवाज असतो.

सगळं बरं चाललं होतं. मग डावीकडची, वरच्या आणि खालच्या खोलीमधली झडप गळायला लागली. मी पुढे ढकलायचो, त्यातलं बरंचसं परत वर यायचं आणि फुप्फुसांत तुंबायचं. सावळीराम द्राक्षबागेत अर्धी ओळ चालला की तार धरून उभा राहायचा.

गावात विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा बहिरू त्याचा दोस्त. त्याने सावळीरामच्या छातीला कान लावला. मला वाटलं, आता समजेल याला.

"सावळ्या, लय सोपं हाय," बहिरू म्हणाला. "तू हवा धरलीय."

"मंग?"

"मोटार हवा धरती, नुसतीच घुमती, तवा आपण काय करतो? वरून पाणी ओततो. हवा भायेर, पाणी चालू. पी पाणी!"

सावळीरामला हे शंभर टक्के पटलं. तो तांब्यावर तांब्या पाणी प्यायला लागला. आधीच माझ्याकडून उपसा होत नव्हता, त्यात वरून आवक वाढली. पाय सुजले. बहिरूने पाय दाबून बघितले आणि खूश झाला.

"बघ! पाणी पार तळापर्यंत पोचलं."

तांब्या काढून घेतला तो कुसाबाईने, सावळीरामच्या बायकोने. "मोटारवाल्याला इचारून मरायचं का तुमाला?" असं म्हणून तिने त्याला थेट नाशिकला नेलं.

तिथे डॉक्टर मोहिनीताईंनी कुसाबाईकडून मोटारीची आणि तांब्याची हकीकत ऐकली आणि माझं चित्र पडद्यावर लावलं. मालकाने मला पहिल्यांदाच बघितलं. "एवढंसंच हाय व्हय?" म्हणाला.

"बाबा, मोटार अजून दमदार आहे तुमची," मोहिनीताई म्हणाल्या. "झडप गळतेय. वरून पाणी ओतून गळती थांबते का? ऑपरेशन करून दुरुस्त करू. उशीर केला तर मात्र मोटारही जाईल."

"आणि दुरुस्त करताना हे...?"

"थांबवावं लागेल थोडा वेळ. तेवढ्यापुरतं काम बाहेरचं मशीन करेल."

सावळीराम उठून चपला शोधायला लागला. "थांबलं आणि परत चालूच नाय झालं तर? मी नाय येत."

खरं सांगतो, मलाही हाच प्रश्न पडला होता. मी कधी थांबलोच नव्हतो. परत सुरू कसं व्हायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

कुसाबाईने चपला पायाखाली दाबून धरल्या. "अहो, चालू मोटारीत हात घालतो का कुनी?"

सावळीरामने चपलांचा नाद सोडला. तो खाली बसला.

ऑपरेशनच्या दिवशी मला गार औषध दिलं आणि मी थांबलो. माझी पहिली सुट्टी. सुट्टीत काय करतात हे माहीत नसल्यामुळे मी नुसता पडून राहिलो. मोहिनीताईंनी झडपेला टाके घातले, भोवती कडं बसवलं. मग कोमट रक्त आत सोडलं आणि सगळे माझ्याकडे बघत उभे राहिले.

मी थरथरलो. नुसताच. मग वरच्या दोघी आवळल्या. पाठोपाठ खालच्या दोघी. झडप घट्ट लागली.

मोहिनीताई बाहेर आल्या. "आजी, चालू झालं."

कुसाबाईने आधी देवाला नाही, त्यांनाच हात जोडले. मग हळूच विचारलं, "मागं जातंय का पानी?"

"नाही जात."

आता बागेत छाटणी चालू आहे. सावळीराम एका दमात ओळीच्या टोकाला जातो आणि काही काम नसताना परत येतो, कारण जमतंय. कुसाबाई बांधावरून ओरडते, "बसा की जरा!" तो म्हणतो, "तू बस."

तुमच्याही छातीत माझ्यासारखा एक जण आहे. चालताना धाप लागली, पाय सुजले, तर त्याला वेळेवर डॉक्टरकडे न्या. एवढीच विनंती. इथे खरं तर मी तुमचा निरोप घ्यायला हवा. पण मी निरोप घेतला तर सावळीरामची पंचाईत होईल. तुम्ही निघा. मी आहे इथेच.