निवटा पेणहून रोह्याला जातो

मी सांगतोय ते अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं बोललो तर पुढच्या जन्मी माझी सुकट होवो! मी निवटा. खाडीच्या चिखलात उड्या मारणारा, डोळे थेट डोक्यावर घेऊन जन्मलेला मासा. लांबीला चांगला हातभर. आता मला ठेवलेली बाटलीच वीतभर आहे म्हटल्यावर हातभर कसा मावलो, असं तुम्ही विचाराल. बरं, वीतभर म्हणा. त्यातही शेपटीचा शेंडा तुटलेला आहे.

पेणच्या विद्यापीठात जीवशास्त्राची प्रयोगशाळा आहे, तिथे खिडकीजवळच्या फळीवर माझा मुक्काम. वीसेक वर्षं झाली. मिठागरावर काम करणाऱ्या कान्हूने मला बिळातून ओढून काढलं आणि नूतन मॅडमना आणून दिलं. मॅडम तेव्हा नव्या नव्या लागल्या होत्या.

"बाय, रस्सा करा झणझणीत," कान्हू म्हणाला होता.

मॅडमनी औषधाच्या बाटलीत माझं लोणचं घातलं. ते औषध इतकं उग्र की पहिलं वर्षभर मला दुसरा वासच आला नाही. पुढे सवय झाली. माणसं नाही का नोकरीत मुरत, तसा मी मुरलो.

तेव्हा हे साधं कॉलेज होतं. पुढे एका मठाने ते घेतलं, विद्यापीठ केलं, रोह्यालाही शाखा काढली. मठाचा नियम एकच: आवारात जीव मारायचा नाही. बेडूक फाडणं बंद, नवे मासे बाटलीत भरणं बंद. माझी काही तक्रार नव्हती, पण हा नियम माझ्या वेळी कुठे गेला होता, एवढंच मनात आलं.

नवे नमुने येईनात, जुन्या बाटल्या फुटत गेल्या. दोन शाखांत मिळून फळीभर नमुने उरले. आणि नेमकी तेव्हाच तपासणी समिती येणार अशी चिठ्ठी आली. बी.एस्सी.चा हा अभ्यासक्रम चालवण्याजोगा आहे की नाही, ते समिती नमुने मोजून ठरवणार. सकाळी पेण, दुपारी रोहा.

नमिताचा चेहरा उतरला. ही दुसऱ्या वर्षाची मुलगी, त्याच कान्हूची लेक. कान्हूने घरी बजावून ठेवलं होतं, "पेणला शिकतेस तवर शीक. पनवेलला धाडनार नाय." अभ्यासक्रम बंद म्हणजे तिचं शिक्षण बंद.

मठाचे कारभारी हैबतराव मात्र निर्धास्त होते. "त्यात काय? सकाळी पेणला दाखवलेल्या बाटल्या दुपारी रोह्याला दाखवायच्या. समितीला मी वाटेत नागोठण्याला जेवायला बसवतो. दोनदा जिलबी फिरवली की तासाभराची निश्चिंती."

नूतन मॅडम म्हणाल्या, "साहेब, हे बरं नव्हे."

"मग आणा नवे मासे मारून! सांगा तसं मठाच्या महाराजांना!"

मॅडम बाटल्या पुसायला लागल्या.

सकाळची तपासणी झाली. समितीच्या प्रमुख सुरभी मॅडमनी मला उचलून उजेडात धरलं. "शेपूट कुठे गेली याची?" नमिताने माझी सगळी माहिती घडाघडा सांगितली. ओल्या कातडीनेही श्वास घेतो, परांवर चालतो, झाडाच्या मुळांवर चढतो. मी फुगलो. बाटली थोडक्यात वाचली.

मग टेम्पो. गोविंदाचा टेम्पो एरवी गणपतीच्या मूर्ती पोचवतो, त्यामुळे मागे गुडघाभर पेंढा. औषध सांडू नये म्हणून मला मांडीवर घेऊन नमिता पेंढ्यात बसली. पण गोविंदाचा हात मूर्तींना सरावलेला. तिशीच्या वर काटा चढेना. प्रत्येक खड्ड्याशी थांबायचा, अंदाज घ्यायचा, मग चाक अलगद उतरवायचा.

"गोविंदाकाका, मूर्ती नाय हो, मासा हाय!"

"पोरी, आजवर माझ्या गाडीत कोनाचं बोटसुद्धा मोडलं नाय."

अष्टमी गावाहून रोह्याच्या पुलावर चढलो तर मागून हॉर्न. समितीची गाडी! हैबतरावांची जिलबी पहिल्याच फेरीत संपली होती म्हणे. काचेपलीकडून सुरभी मॅडम पाहतायत, अलीकडे पेंढ्यात नमिता, आणि तिच्या मांडीवर मी, डोळे वर. नमिताने मला ओढणीखाली घेतलं. पूल मात्र संपता संपेना.

समितीचा चहा होईतो रोह्याच्या प्रयोगशाळेत आम्ही कसेबसे फळीवर लागलो. सुरभी मॅडम सरळ माझ्यासमोर आल्या. झाकणावरची पेंढ्याची काडी काढली. दुसरी नमिताच्या केसांतून काढली.

"हा इथला नमुना का?"

हैबतराव पुढे सरले, "हो, हो, रोह्याचाच. खाडी एकच, मासे सारखेच."

तेवढ्यात मी नमिताकडे पाहून डोळा मारला. आम्हा निवट्यांना डोळे मिचकावता येतात, हवं तर पुस्तकात बघा. तिला धीर आला.

"मॅडम, मासा तोच हाय. मी पन तीच. सकाळी पेनला भेटलो, मघाशी पुलावर."

हैबतरावांनी घाम पुसला. नूतन मॅडमनी डोळे मिटले.

नमिताने पिशवीतून वही काढली. समुद्राच्या वाऱ्याने फुगलेली, कडांना चिखल. "आमच्याकडं मारत नाय, म्हनून मोजतो. बाबांच्या मिठागराच्या बांधाखाली दोरीनं चौकोन आखलाय. दर अमावास्या-पुनवेला, ओहोटीला, निवट्यांची बिळं मोजायची. दुसरं वर्स चाललंय. नूतन मॅडमनीच शिकवलं."

सुरभी मॅडम उभ्या उभ्या वाचू लागल्या, मग खुर्ची ओढून बसल्या. "हे तुमच्या अहवालात का नाही?"

नूतन मॅडम म्हणाल्या, "त्यात बाटल्यांचा रकाना होता. जिवंत माशांचा नव्हता."

सुरभी मॅडमनी वही शेवटच्या पानापर्यंत वाचली.

समितीने खोटेपणाबद्दल हैबतरावांना लेखी ठपका दिला. अभ्यासक्रमाला मात्र तीन वर्षं दिली, एका अटीवर: दोन्ही शाखांनी अशी वही ठेवायची. रोह्याची मुलं आता कुंडलिका नदीच्या काठी मोजतात. नमिता तिसऱ्या वर्षाला आहे. परवा कान्हू ती वही बघायला आला. अक्षर लावत लावत वाचलं, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ह्याचा रस्सा नाय झाला, बरं झालं."

मी परत पेणला, माझ्या फळीवर आहे. औषध पिवळं पडलंय, डोळे पांढरे झालेत. पोरांनो, मला बघून झालं की खाडीवर जा. तिथे माझी पतवंडं उड्या मारतात, ती बघा. मोजा, पण धरू नका.

आणि शपथ घेतलीय म्हणून सांगून टाकतो. यातलं एक खोटं आहे. मी डोळा मारला नव्हता. वीस वर्षांपूर्वी मेलेला मासा कुठला डोळा मारतोय! पोरगी आपली आपणच बोलली.