मोहनलालजींचा नियम आणि मिलचा सर्व्हर

जळगावच्या दाणाबाजारात मोहनलालजी फुकटचा चहासुद्धा पीत नाहीत, हे पोरासोरांना ठाऊक होतं. वडील गेले तेव्हा त्यांनी जैन मुनींसमोर, महाराजसाहेबांसमोर, हात जोडून नियम घेतला होता: धंद्यात कुणाची फुकटची वस्तू वापरायची नाही. तेव्हापासून दलालाने दिलेलं कॅलेंडरही त्याच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय त्यांच्या भिंतीवर चढलं नाही. देण्यात मात्र हात मोठा सैल. बोदवड स्टेशनबाहेर त्यांची पाणपोई होती, जैन साधूंच्या मुक्कामाच्या स्थानकात त्यांनी दिलेले पंखे होते आणि प्रत्येक पंख्याच्या तिन्ही पात्यांवर त्यांचं नाव रंगवलेलं होतं. पंखा फिरायला लागला की नाव दिसेनासं होई. म्हणून यांना बंद पंखे जास्त आवडतात, असं त्यांच्या पत्नी धनकुंवरबाई चिडवायच्या.

असा हा माणूस ऐन उन्हाळ्यात एका कॉम्प्युटरपायी अडला.

झालं असं की त्यांच्या डाळमिलचा जुना सर्व्हर बसला. वजनकाटा, ऑफिस, गोदाम, सगळे कॉम्प्युटर त्या एकाला जोडलेले. तुरीच्या गाड्या फाटकाबाहेर उन्हात तापत उभ्या, आणि मुकादम हिलाल उपरण्याने घाम पुसत धावत आला. "भाऊ, बठ्ठं बंद पडनं! पावतीच निंघत नही!"

मुलगा जिनेश खरेदीसाठी बाहेरगावी होता. त्याने फोनवर सांगितलं, "चेलनाला बघू द्या. तिला नाही जमलं तर पुण्याची कंपनी सगळं अंगावर घ्यायला तयार आहे. आखाजीचा सण झाला की त्यांचा माणूस येईल. काय ते तुम्ही ठरवा."

चेलना त्यांची सून. माहेर धुळ्याचं, शिक्षण कॉम्प्युटरचं. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा कुठे तिला मिलच्या ऑफिसात एक खुर्ची मिळाली होती. पुण्याची कंपनी आली की त्या खुर्चीत बसून करायला काही उरणार नव्हतं, हे तिला कळत होतं आणि मोहनलालजींनाही. तिने तात्पुरती सोय करून गाड्या मार्गी लावल्या आणि संध्याकाळी सासऱ्यांसमोर येऊन उभी राहिली.

"बाबूजी, मशीन तेच चालेल. त्याच्या आतला मुकादम बदलायला हवा."

"आतला मुकादम?"

"ऑपरेटिंग सिस्टिम. कोणाला काय काम द्यायचं, कोणाला आत घ्यायचं, कोणाला फाटकावरच थांबवायचं, हे सगळं ती बघते. आपली वेबसाइटही तिच्यावरच चालवायची आहे."

हिलाल मुकादम दारात उभा होता. आपल्या जातीचं कोणीतरी कॉम्प्युटरमध्येही असतं हे ऐकून तो खूश झाला.

"चांगली बघून घे," मोहनलालजी म्हणाले. "पैशाकडे बघू नकोस."

"दोन आहेत. एक विंडोज. ती विकत मिळते, चांगली आहे. पण माझं मन लिनक्सवर आहे. जुन्या मशीनवर हलकी चालते, वेबसाइट सांभाळते, आणि बिघडलीच तर आपली आपल्याला उघडून बघता येते." चेलना थोडी थांबली. "तिचे पैसे लागत नाहीत."

"मग नको."

"फुकट आहे म्हणून नाही निवडली, बाबूजी."

"पण फुकट आहे ना? कोणी बनवली?"

"जगभरातल्या हजारो लोकांनी. काहींना त्यांच्या कंपन्या पगार देतात. बाकीचे आपला वेळ देतात. बनवतात आणि सगळ्यांसाठी ठेवून देतात."

"म्हणजे धर्मादा," मोहनलालजी म्हणाले. "वाटसरूसाठी ठेवलेलं पाणी मी मिलमध्ये नेऊन डाळ भिजवू? तू विकतचीच आण. आजवर विकतच घेतली, पुढेही विकत घेऊ."

चेलना गप्प राहिली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण तिला खोटं झाकता येत नव्हतं. "बाबूजी, आजवरची विकतची नव्हती. कॉम्प्युटरच्या दुकानदाराने तुमच्याकडून पैसे घेतले आणि चोरीची कॉपी टाकली. मी तपासलं. बाजारात कितीतरी ठिकाणी असंच केलंय त्याने."

मोहनलालजी उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. दलालाच्या कॅलेंडरचाही मोबदला देणारा माणूस इतकी वर्षं चोरीच्या मालावर धंदा करत होता, आणि रोज सकाळी त्याच कॉम्प्युटरला कुंकू लावत होता! सूर्यास्तानंतर ते जेवत नसत, आणि सूर्यास्ताला थोडाच वेळ उरला होता, तरी जेवायला गेले नाहीत. ती रात्र उपाशीच सरली.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच सुनेच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. "ते लोक मला दाखव. जे ठेवून देतात ते."

चेलनाने पडदा त्यांच्याकडे वळवला. लिनक्सला वजनकाटा जोडण्याची अडचण तिने आदल्या दिवशी त्या लोकांच्या इंटरनेटवरच्या चर्चेत मांडली होती. फिनलंडच्या कोणीतरी उत्तर दिलं होतं, केनियाच्या एकाने त्यातली चूक दाखवली होती, आणि ब्राझीलच्या एका बाईने ते सगळं तिच्या घरच्या मशीनवर करून बघून 'आता चालेल' असं लिहिलं होतं. जळगावच्या डाळमिलचं त्या बाईला काय पडलं होतं?

"यांना तू ओळखतेस?"

"नाही."

"हे तुला?"

"नाही. मीही दिलंय त्यात थोडंसं. पडद्यावर येणाऱ्या मराठीतल्या काही सूचना चुकीच्या होत्या. मी त्या सुधारून पाठवल्या, त्यांनी ठेवून घेतल्या. आता कुठेही कोणी मराठीत उघडलं की त्या बरोबर दिसतात."

"तुझं नाव दिसतं?"

"खोदून शोधलं तर सापडेल. पण कोण शोधतंय?" ती सहज हसली.

मोहनलालजींच्या डोळ्यांपुढे स्थानकातले पंखे आले आणि त्यांना कानकोंडं झालं. आपल्या घरात, आपल्याच पोळ्या लाटणारी ही पोर अख्ख्या जगाला काहीतरी देऊन बसली होती आणि घरात कोणाला पत्ताही नव्हता. केवढी माणसं ही! कुठे कुठे बसून काम करतात, एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पैसे मागत नाहीत आणि तरी सगळं चालतं. त्यांना भरून आलं. पण नियम तो नियम. "आखाजीला सांगतो," एवढंच म्हणून ते उठले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरात वेगळीच धांदल होती. धनकुंवरबाईंनी वर्षीतप केलं होतं. वर्षभर एक दिवस उपवास, एक दिवस जेवण. त्याचं पारणं आज उसाच्या रसाने होणार होतं. महाराजसाहेबांनी दरवर्षीची कथा सांगितली: पहिले तीर्थंकर ऋषभदेव भगवान वर्षभर भिक्षेसाठी दारोदार फिरले. लोकांनी हत्ती पुढे केले, घोडे पुढे केले, रत्नं पुढे केली. भुकेल्याला अन्न द्यावं हे कोणाला सुचेना. शेवटी श्रेयांसकुमाराने उसाचा रस दिला आणि भगवंतांनी तो ओंजळीत घेतला.

ही कथा मोहनलालजींनी लहानपणापासून ऐकली होती, आणि दरवेळी स्वतःला श्रेयांसकुमाराच्याच जागी धरलं होतं. देणाऱ्याच्या.

रसाचा घडा घेऊन ते बायकोपुढे आले. धनकुंवरबाईंनी वाटी बाजूला सारली आणि ओंजळ पुढे केली. वर्षभराच्या तपाने हात काटकुळे झाले होते. रस ओतताना मोहनलालजी त्या ओंजळीकडे बघत राहिले. या कथेत हात पसरून उभे होते ते खुद्द भगवान! इतकी वर्षं हे दिसलं कसं नाही? त्यांचे डोळे भरले, रस थोडा बाहेर सांडला.

धनकुंवरबाईंनी रस पिऊन तोंड पुसलं. "रडता काय? द्यायला तुम्हाला छान येतं. कधी घेऊनही बघा."

पारण्याचे पाहुणे जेवत असतानाच मोहनलालजी मिलवर गेले. सण असल्याने मिल बंद होती. सर्व्हरच्या खोलीत पारणं होताच निघून आलेली चेलना होती, आणि दारात हिलाल. पुण्याच्या माणसाला नको म्हणायचं की या म्हणायचं हे तिला अजून कळलं नव्हतं. सासऱ्यांना बघताच ती उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

"पुण्याला नको म्हणून कळव," मोहनलालजी म्हणाले. "चोरीचं नको. हे तर त्यांनी दिलेलं आहे, आणि दिलेलं तर भगवंतांनीही घेतलं. ती तुझी लिनक्स चालू कर."

चेलनाने डोळे पुसले आणि ती खुर्चीवर बसली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभरा वर सरकू लागल्या. मोहनलालजींनी सवयीने हात जोडले. मग क्षणभर थांबून त्यांनी जोडलेले हात उघडले आणि पडद्यासमोर ओंजळ धरली.

हिलाल चक्रावला. भाऊंचे हात असे त्याने जन्मात पाहिले नव्हते.

"काय मांगी राहिनात, भाऊ?"

"मागत नाही रे," मोहनलालजी म्हणाले. "घेतोय."