रंजक्याच्या बरणीचं गाऱ्हाणं

माझं कुणी खरं मानलं नाय, हे आधीच सांगून टाकते.

मी बरणी बोलतेय. चिनी मातीची, खाली पांढरी, गळ्याला तपकिरी. तोंड एवढं मोठं की अख्खा पंजा आत जावा, पण आवाज नाय. सांगायचं ते मी बुडबुड्यांनी सांगते, वासानं सांगते. माणसं नाक मुरडतात आणि म्हणतात, बरणीच वंगाळ.

खुलताबादच्या उरुसात चतुराबाईनं मला टकटक वाजवून घेतलं. तेव्हापासून माझ्या पोटात रंजक्याशिवाय काही पडलं नाय. पिशोरच्या बाजारातून ओल्या लाल मिरच्या यायच्या. फडक्यानं पुसायच्या, देठं काढायची, मीठ-लसूण घालून उखळात कुटायच्या आणि माझ्यात दाबून भरायच्या. कुटणारीचे हात दोन दिवस भगभगायचे. मग माझ्या तोंडाला फडकं बांधून मला कोपऱ्यात बसवायचं. तिथं मी आतल्या आत फसफसायचं. रंजक्याला आंबूस चव येते ती अशी.

ह्यात पाण्याचा थेंब लागता कामा नये. ओला हात लागला की वर पांढरी बुरशी धरते. बाईचा विटाळ लागून धरत नाय. पोट माझं आहे, मला ठाऊक नसेल तर कुणाला?

चतुराबाईचा लेक कडुबा. जेवायच्या आधी हात धुवायची सवय चांगली, पण पुसायची नाय. बोटांवरून पाणी निथळतंय, तसाच यायचा, माझं फडकं उचलायचा, बोट बुडवायचा, चाटायचा, तेच बोट पुन्हा बुडवायचा. मुरेपर्यंत धीर म्हणून नाय.

त्याचं लग्न झालं, सारजा नवी नवरी म्हणून घरात आली आणि त्याच वर्षी रंजका नासला. चतुराबाई म्हणाली, "पाळीत शिवलीस तू."

"नाय वो आत्या, मी तिकडं गेलेच नाय."

"मग काय मांजर गेली?"

झालं. दर महिन्याला चार दिवस सारजा मागच्या पायरीवर. ताट वेगळं, चटई वेगळी. मी तिच्या बाजूनं किती फसफसले. मला राखेनं घासून उन्हात पालथी घातली, एवढंच. कडुबा तेव्हा अंगणात खाटेवर मजेत पडला होता.

वर्षं गेली. चतुराबाई गेली. ही माणसं हर्सूलला दोन खोल्यांत राहायला आली, मी पोत्यात गुंडाळून मागं मागं. कडुबाचे आप्पा झाले, मिशी पिकली. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणतं. सारजाबाई समोर 'अहो' म्हणते, माघारी 'हे' म्हणते. नवऱ्याचं नाव तिनं लग्नाच्या उखाण्यात घेतलं तेवढंच. पुढं रेशनच्या दुकानात विचारलं तरी ती शेजारणीला कोपरानं ढोसायची आणि शेजारीण सांगायची. बोट मात्र अजून ओलंच. रंजका नासला की कधी मीठ कमी पडलं, कधी मिरची पाणचट निघाली, नायतर मी आहेच.

मग लेकाची, शिवमची बायको आली. प्रेरणा. शिलाईच्या कारखान्यात जाते, घरी येऊन पुन्हा पोळ्या लाटते. तिला कुणी बाजूला बसवत नव्हतं. यंदा रंजक्याला बुरशी आली आणि सारजाबाईच्या तोंडातून सासूचंच बोलणं निघालं, जसंच्या तसं. "पाळीत शिवलीस तू."

"आत्या, मी त्या बरणीला हातसुद्धा लावला नाय."

"मग आपोआप नासलं व्हय? आजपासून पाळीचे चार दिवस पायरीवर बसायचं."

प्रेरणा बसली. उठली तेव्हा शिवमसमोर म्हणाली, "पुन्हा भरा बरणी. मी तिकडं फिरकणार नाय. तरी नासलं आणि माझंच नाव आलं, तर मी खुलताबादला आईकडं चालले. न्यायला येऊ नका."

शिवम मोबाईलमध्ये बघत होता. बघतच राहिला.

सारजाबाईनं एकटीनं मला पुन्हा भरलं. दुपारची गोष्ट. प्रेरणा कारखान्यात. सारजाबाई दाराआड मेथी निवडत बसलेली, आप्पाला दिसली नाय. आप्पा मोरीतून आला, हात टपटप गळताहेत. फडकं उचललं, बोट बुडवलं, चाटलं. मला इतक्या वर्षांचा वीट आला होता. तो दुसऱ्यांदा बोट खुपसायला वाकला आणि मी पोटातला सगळा वारा वर ढकलला. पांढऱ्या सदऱ्यावर तांबडी पिचकारी.

"अहो," दाराआडून आवाज आला.

"काय नाय गं. वास बघत होतो."

"बोटानं?"

आप्पा सदरा झटकत बाहेर गेला. सारजाबाई माझ्यापुढं येऊन बसली. मागच्या पायरीवरचे तिचे सगळे दिवस तिच्या तोंडावर दिसत होते. मग तिनं सदरा भिजत घातला, माझं फडकं घट्ट बांधलं. मला वाटलं, संपलं. हीसुद्धा गिळणार.

आठवड्यात बुरशी आली आणि घरात पुन्हा प्रेरणाचंच नाव निघालं. मला रिकामी केली, घासली आणि अंगणातल्या भिंतीवर पालथी घातली. आज मी तिथंच आहे. माझ्या काठाला चीर गेलीय. आता मुरवायची ताकद राहिली नाय. माझं मागणं एवढंच, माझ्यानंतर जी बरणी आणाल तिला कोरडा हात लावा, आणि ती फसफसली तर ऐकून घ्या.

प्रेरणा बॅग घेऊन उंबऱ्यात उभी आहे. आप्पा खुर्चीत पेपर उघडून बसलाय, पान काही उलटत नाय.

"आई, आता तूच सांग," शिवम म्हणतोय. "हिनं नासवलं का?"

"नाय."

"मग कुणी?"

"ह्यांना विचार."

आप्पानं पेपर आणखी वर धरला. "मला काय ठाऊक? बायकांच्या भानगडी."

प्रेरणानं पायात चप्पल घातली. सारजाबाई उठली, तिच्या हातातली बॅग काढून घेतली आणि खाली ठेवली. पदर खोचला. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, उखाण्याबिखाण्याशिवाय, तिनं नाव घेतलं.

"कडुबानं."