गार्गी उजेडातच झोपली

गार्गी जन्मल्यापासून विनीता आणि श्रीरंगचा डोळा म्हणून लागला नव्हता. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज संध्याकाळी सगळं एकाच क्रमाने करा. आधी अंघोळ, मग तेल, दूध, अंगाई, आणि पडदा ओढून बाहेर या. आठवडाभर दोघांनी ते नेमाने केलं आणि गार्गीनेही नेमाने भोकाड पसरलं.

त्या शुक्रवारी मात्र अंगाई संपायच्या आतच पोरीने डोळे मिटले. उन्हाळ्याचे दिवस, संध्याकाळ झाली तरी जर्सी सिटीत अजून चांगलं ऊन होतं. दोघं चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात आली.

"आता काय करायचं?" श्रीरंग कुजबुजला.

"जेवू या. गरम गरम, दोघांनी एकदम!"

विनीताने खिचडी वाढली, पापड भाजला. श्रीरंगने पापड उचलला आणि त्याचा हात तसाच थांबला.

"मोडला तर आवाज होईल गं."

"मग चोखून खा."

तो खरंच पापडाची कड तोंडात धरून भक्तिभावाने बसला. विनीताने तोंडात ओढणी कोंबली, तरी हसू आवरेना. मग तोही हसत सुटला. त्या गडबडीत तिच्या कोपराचा धक्का लागून स्टीलचं पातेलं खणखणत खाली गेलं.

दोघांनी श्वास रोखला. विनीता हळूच आत डोकावून आली.

"ढिम्म हलली नाही!"

मग श्रीरंगने ऑफिसमधली एक लांबलचक गोष्ट सांगितली. कित्येक महिन्यांनी विनीताने त्याची गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. ती मुळीच विनोदी नव्हती, तरी विनीता डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.