पाणी लागलं

बंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्याच्या आमच्या कारखान्यात नाणी आणि पदकं पाडतात. त्यांचे ठसे मी कोरतो. गोडबोल्या माणसांचं मला वावडं आहे, तरी नाण्याची ऑर्डर घेऊन आलेल्या विश्वासरावांना मी भुललो. "देवनहळ्ळीचं तळं आणि त्यातले पक्षी आम्ही राखणार आहोत. त्याची आठवण म्हणून चांदीचं नाणं काढायचंय," असं ते म्हणाले होते.

ते तळं माझं होतं. कागदावर नव्हे, रविवारी काठावर बसून रंगीत करकोचे बघण्यापुरतं. मी जीव ओतून ठसा कोरला. पाण्यात उभा करकोचा, मागे घरट्यांचं झाड, खाली 'संरक्षित अधिवास'. त्या नादात रविवारही कारखान्यात गेले आणि तळ्याकडे फिरकायचं राहूनच गेलं.

नाण्याच्या पूजेचं बोलावणं आलं तेव्हा बायकोला, शिवलीलेला, मुद्दाम बरोबर नेलं. निपाणीहून लग्न होऊन आल्यापासून ती ते पक्षी दाखवा म्हणत होती.

तिथं मांडव होता, पेढे होते, आणि तळ्यात मुरूम होता. अर्ध्याहून जास्त तळं बुजवून वर प्लॉटांसाठी चुन्याचे पट्टे मारले होते. घरट्यांचं झाड आडवं पडलं होतं आणि त्याच्या खोडावर बसून पाहुणे कॉफी पीत होते. मला शिसारी आली. तोंडातला पेढा मी रुमालात थुंकला.

भूमिपूजनाच्या खड्ड्यात चांदी ठेवायची रीत. विश्वासरावांनी माझं नाणं पुढे केलं. "बन्नी, या या, शिवकुमार! तुमची कला, तुमच्याच हातानं ठेवा."

"माझ्या हातानं नाही," मी म्हणालो. "ज्याचं घर पाडलंत त्यालाच गाडायला मला बोलावता? लाज नाही वाटत?"

पाहुण्यांत बसलेल्या आमच्या कारखान्याच्या मालकांनी डोळे वटारले. विश्वासराव मात्र हसले. "कलावंत माणूस, स्वल्प तापट," असं पाहुण्यांना सांगून त्यांनी स्वतःच नाणं खड्ड्यात टाकलं.

तेवढ्यात खड्ड्यात गढूळ पाणी झिरपू लागलं. तळ्याचंच ते, दुसरं कुठलं असणार! पण गुरुजी आनंदानं ओरडले, "पाणी लागलं! गंगा आली! फार शुभ!" सगळ्यांनी हात जोडले, मग टाळ्या पिटल्या. किळस आली मला एकेकाची.

शिवलीला अजून टाचा उंचावून मांडवापलीकडे बघत होती. "ते पक्षी कुठं हाईत वो?"

मी खड्ड्याकडे बोट केलं.

"एक त्यात होता," मी म्हणालो. "चल घरी."